रोजा, साखर आणि सहेरीच्या वेळची गोळी

पहाटे साडेचारच्या सुमाराला लोणावळ्याच्या बाजारपेठेमागच्या गल्ल्यांत एकेक दिवा लागू लागतो. घाट चढून आलेल्या मालगाडीचा खडखडाट, कुणाच्या तरी मोबाइलचा गजर, कुकरची शिट्टी. सहेरीची वेळ झालेली असते. सहेरी म्हणजे रोजा सुरू होण्याआधीचे पहाटेचे जेवण. रात्रीचे सालन, गरम पोळ्या, कुणाकडे दूध-फेणी, शेवटी चहा. जेवण आटोपले की घरातले वडीलधारे उशाखालची गोळ्यांची पट्टी काढतात. एरवी ही गोळी सकाळी नाश्त्याआधी असते. रमजानमध्ये नाश्ता नाही, म्हणून ती सहेरीलाच घेतली जाते. डॉक्टरांनी सांगितले होते, "ही सकाळची." सकाळचीच घेतली. सांगितले ते तंतोतंत पाळले.

आणि घोटाळा नेमका इथेच होतो.

लोणावळ्याच्या स्टँडवर पर्यटकांची गाडी चालवणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या एका चालकाची कल्पना करा. सात-आठ वर्षांचा मधुमेह. रोजे लहानपणापासून कधी चुकवले नाहीत. सकाळी एका कुटुंबाला कार्ल्याची लेणी दाखवली, एकवीरेच्या पायथ्याशी थांबला, दुपारी दुसरे गिऱ्हाईक घेऊन खंडाळ्याकडे निघाला. साडेचार वाजता कपाळाला घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, समोरचा रस्ता क्षणभर ओळखीचा वाटत नाही. त्याला वाटते, उपवासाचा अशक्तपणा आहे, दोन तासांत इफ्तार होईल. मागे चार माणसे बसली आहेत आणि पुढे घाट आहे.

या चालकाचे नाव देण्याची गरज नाही. तो कामशेतला भाजी विकतो, तळेगावच्या एमआयडीसीत पाळी करतो, वडगावला गॅरेज चालवतो. कधी तो 'ती' असतो आणि दिवसभर चुलीपुढे असतो.

घडते ते असे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. पोटात अन्न आहे की नाही, हे त्या विचारत नाहीत. एरवी गोळीनंतर नाश्ता असतो, मग जेवण, मग चहा-बिस्किट. रोज्यात सहेरीनंतर बारा-तेरा तास काहीच नसते. गोळी काम करत राहते आणि रक्तातली साखर उतरत जाते. म्हणून रमजानमध्ये अशा गोळ्यांची वेळ आणि मात्रा बदलावी लागते. पुष्कळदा मुख्य मात्रा इफ्तारकडे नेली जाते आणि सहेरीची कमी होते. पण कोणाची किती, हे त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून नाही, आणि या पानावरूनही नाही.

हा प्रश्न किती मोठा आहे, हे २००१ च्या रमजानमध्ये १३ देशांत झालेल्या 'एपिडायर' या अभ्यासातून दिसले. त्यात १२ हजारांहून अधिक मुस्लिम मधुमेही होते. टाइप २ प्रकारच्या मधुमेहींपैकी ७९ टक्क्यांनी महिन्यात किमान १५ रोजे धरले होते. याच गटात साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रसंग एरवीच्या तुलनेत सुमारे साडेसात पट झाले. दुसरीकडे, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. तेव्हा मावळातल्या प्रत्येक मोहल्ल्यात हा प्रश्न आहे, हे सांगायला वेगळ्या पाहणीची गरज नाही.

मग डॉक्टर काय सांगतात? बाह्यरुग्ण विभागात साठ-सत्तर माणसे रांगेत असतात. एकेकाच्या वाट्याला तीन-चार मिनिटे. रुग्ण चाचरत विचारतो, "डॉक्टरसाहेब, रमजान आलाय..." उत्तर येते, "तुम्हाला शुगर आहे, रोजा धरायचा नाही. समजलं ना?" रुग्ण मान डोलावतो. डॉक्टरांच्या लेखी शिकवणे झाले. रुग्णाने मात्र मनात एवढेच ठरवलेले असते की पुढच्या वेळी रमजानचा विषय काढायचा नाही. तो रोजा धरतोच, फक्त आता लपवून. लपवल्यामुळे गोळीची वेळ बदलण्याची जी एक संधी होती, तीही जाते.

यात कोणाला दुष्ट ठरवण्याचे कारण नाही. डॉक्टरांना औषधे शिकवली जातात, शिकवणे शिकवले जात नाही. माणूस कसा शिकतो, याचा अभ्यास शिक्षणशास्त्रात आणि मानसशास्त्रात शंभरेक वर्षे चालला आहे. दवाखान्याच्या दारापर्यंत तो फार उशिरा पोहोचला.

त्यातली एक गोष्ट मोठी बोलकी आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने क्षयरोगाची फुकट तपासणी करण्यासाठी एक्स-रेच्या गाड्या थेट वस्त्यांत नेल्या. तरी पुष्कळ लोक आलेच नाहीत. गॉडफ्रे हॉकबाम आणि त्यांचे सहकारी याचा शोध घेऊ लागले, तेव्हा दिसले की माणूस नुसत्या माहितीवर हलत नाही. हा आजार मला होऊ शकतो असे त्याला वाटावे लागते, झाला तर नुकसान मोठे आहे हे पटावे लागते, सांगितलेला उपाय कामाचा वाटावा लागतो, आणि उपायाच्या आड येणारी अडचण पेलता येईल असे वाटावे लागते. यालाच पुढे आरोग्य-श्रद्धा प्रतिमान म्हणू लागले. शब्द जड आहे, पण आपल्या चालकाला ते लावून पाहा. साखर उतरण्याचा धोका आपल्याला आहे, हेच त्याला ठाऊक नाही. मधुमेहात साखर वाढते एवढेच त्याने ऐकले आहे. आणि त्याची अडचण? रोजा सोडला तर अल्लाहला काय उत्तर देऊ, आणि घरात नातवंडांसमोर कसा बसू. या अडचणीला डॉक्टरांच्या एका वाक्यात हातच लागलेला नसतो.

खरे तर तिचे उत्तर धर्मातच आहे. कुराणच्या ज्या सूरे बकरात रोज्याचा आदेश आहे, तिथेच आजारी आणि प्रवासी माणसाला सवलतही आहे: राहिलेले रोजे नंतरच्या दिवसांत पूर्ण करता येतात, त्याला कजा म्हणतात, आणि ज्याला ते कधीच झेपणार नाहीत त्याच्यासाठी गरिबाला जेवू घालण्याचा फिदिया आहे. हे बहुतेकांनी ऐकलेले असते. पण ऐकलेले आणि स्वतःला लागू केलेले यांत अंतर असते. 'आजारी' म्हणजे अंथरुणाला खिळलेला, गाडी चालवणारा नव्हे, असा समज पक्का असतो. दवाखान्यात डॉक्टर धर्माबद्दल बोलायला कचरतात, मशिदीत मौलाना औषधाबद्दल. रुग्ण दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभा राहतो.

प्रौढ माणूस मुलासारखा शिकत नाही, हे माल्कम नोल्स या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९७० च्या सुमारास ठासून मांडले. प्रौढाला आधी 'हे मला कशाला?' याचे उत्तर हवे असते. त्याच्यापाशी स्वतःचा अनुभव असतो आणि तो बाजूला सारून शिकवले तर तो अपमान समजतो. त्याला उद्याची अडचण सोडवायची असते, परवाच्या परीक्षेसाठी शिकायचे नसते. चाळीस वर्षे रोजे धरलेल्या बाईला रोजा म्हणजे काय हे सांगणारी पंचविशीतली डॉक्टर तिला पोरकट वाटते. तीच डॉक्टर जर म्हणाली, "खाला, गेल्या रमजानमध्ये कुठल्या वेळी जास्त गळून जायला व्हायचं?" तर खाला तासभर बोलेल, आणि त्या बोलण्यातच निम्मे निदान असेल.

पाओलो फ्रेरे या ब्राझीलच्या शिक्षणतज्ज्ञाने एकतर्फी शिकवण्याला बँकेतल्या ठेवीची उपमा दिली होती: शिक्षक भरणार, विद्यार्थी साठवणार. दवाखान्यात ही ठेव टिकतही नाही. रॉय केसल्स या डच संशोधकाने २००३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र पाहून लिहिले की डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के माहिती रुग्ण लगेच विसरतो, आणि जे आठवते त्यातले जवळपास निम्मे चुकीचे आठवते. घाबरलेले मन फार थोडे पकडते.

शिकवल्याने फरक पडतो का, याचे उत्तर लंडनच्या ब्रेंट भागातून आले. तिथे मुस्लिम वस्ती मोठी आहे. 'रीड' नावाच्या या उपक्रमात टाइप २ मधुमेह असलेल्या १११ जणांचा अभ्यास झाला. निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. ५७ जणांना रमजानपूर्वी आहार, व्यायाम, साखर तपासणे आणि औषधांच्या वेळा हे सारे नीट बसवून शिकवले. ५४ जणांना तसे शिकवले नाही. शिकलेल्या गटात साखर उतरण्याचे प्रसंग ९ वरून ५ वर आले. न शिकलेल्या गटात ते ९ वरून ३६ झाले. शिकलेल्यांचे वजन सरासरी पाऊण किलोच्या आसपास घटले, दुसऱ्यांचे अर्ध्या किलोहून थोडे अधिक वाढले. अभ्यास लहान होता हे खरे. पण कुठलेही नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. फरक होता तो बोलण्याचा.

रुग्णाला शिकवण्याची ही कल्पना नवीही नाही. बोस्टनचे डॉक्टर एलियट जोस्लिन यांनी १९१८ मध्ये, म्हणजे इन्सुलिन सापडण्याआधी, मधुमेहावर एक पुस्तिका काढली ती डॉक्टर आणि रुग्ण दोघांनी मिळून वापरावी म्हणून. आणि त्याच्याही हजार वर्षे आधी अबू बक्र अल-राजी या वैद्याने एक ग्रंथ लिहिला, त्याच्या नावाचा अर्थच 'ज्याच्यापाशी वैद्य नाही त्याच्यासाठी' असा आहे. घरात, बाजारात सहज मिळणाऱ्या गोष्टींनी सामान्य माणसाला आपले आपण काय करता येईल, ते त्यात होते. बगदादच्या इस्पितळाचा प्रमुख राहिलेला माणूस गरिबासाठी असे पुस्तक लिहितो, यावरून त्याला रुग्णाच्या समजेवर किती भरवसा होता ते कळते.

आपल्या महाराष्ट्रात हा भरवसा जामखेडला दिसला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केले आणि गावोगावच्या, बहुतेक अक्षरओळख नसलेल्या बायकांना आरोग्यसेविका केले. या बायका जामखेडला येऊन शिकत आणि गावी जाऊन शेजारणीला सांगत. गर्भारपण, जुलाब, क्षय, कुष्ठरोग हे विषय त्यांनी पुस्तकाविना आत्मसात केले, कारण शिकवणारा त्यांच्या बोलीत बोलत होता आणि शिकलेले लगेच वापरायला मिळत होते. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ पासून देशभर आलेली आशा स्वयंसेविका ही त्याच वाटेवरची.

मावळात ही वाट आज खडकाळा, कार्ला, टाकवे अशा प्राथमिक आरोग्य केंद्रांतून जाते. तिशी ओलांडलेल्यांची साखर आणि रक्तदाब तपासण्याचे काम सरकारी कार्यक्रमात आहेच. तळेगावला १९९५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथले भावी डॉक्टर मावळाच्या गावांतले रुग्ण पाहतच शिकतात. म्हणजे माणसे आहेत. उणीव आहे ती वेळ साधण्याची. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने मधुमेह आणि रमजानविषयी २०१६ मध्ये मार्गदर्शिका काढली, २०२१ मध्ये ती सुधारली. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी रुग्णाची तपासणी आणि शिकवणी व्हावी, असे ती सांगते. म्हणजे शब-ए-बरातच्याही आधी, रज्जब महिन्यात. तोपर्यंत कोणाच्याच डोक्यात रमजान नसतो. पहिला रोजा उद्यावर आला की मग केमिस्टच्या काउंटरवर घाईघाईत प्रश्न विचारले जातात.

त्या मार्गदर्शिकेत वयापासून मूत्रपिंडापर्यंतच्या गोष्टींना गुण देऊन धोका मोजायची रीत आहे. धोका कमी असेल तर रोजा जमू शकतो. मध्यम असेल तर जपून. जास्त असेल तर धरू नये. रोज्यात साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली, किंवा अंगात चिन्हे दिसली, तर रोजा तिथेच सोडायचा, इफ्तारला दहा मिनिटे उरली असली तरी. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे तिथे स्पष्ट आहे. हा एक गैरसमज जरी मोडला तरी मावळातली कित्येक यंत्रे कपाटातून बाहेर येतील.

पण मार्गदर्शिका लिहिणाऱ्यांना इंद्रायणी भात माहीत नाही. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात १९८७ मध्ये हा वाण प्रसारित झाला, आंबेमोहोर आणि आयआर ८ यांच्या संकरातून. मऊ, चिकट, सुवासिक. मावळातल्या माणसाला, तो कुठल्याही धर्माचा असो, "भात बंद" म्हणणे म्हणजे त्याचे ऐकणे बंद करून टाकणे. त्याऐवजी त्याच्याच ताटात मूठ दाखवून "भात एवढा, भाजी त्याच्या दुप्पट, डाळ घट्ट" असे केले, तर ते हाताला लक्षात राहते. इफ्तारच्या दस्तरखानावर खजूर एक-दोन, भजी-समोसे रोज नकोत, सरबतापेक्षा पाणी. सहेरी उरकून टाकायची नाही आणि शक्य तितकी उशिरा घ्यायची, हे तर धर्मातही पसंत केलेले आहे.

लोणावळ्याची म्हणून एक खास चूक आहे. साखर उतरली तर गोड खा, हे ऐकलेला माणूस गाडीच्या कप्प्यात चिक्की ठेवतो. गावात तीच हाताशी असते. पण शेंगदाण्यातल्या तेलामुळे चिक्कीतली साखर रक्तात सावकाश पोहोचते, आणि त्या घडीला सावकाश चालत नाही. पाण्यात तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोजची पूड, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, मग चिक्की खुशाल.

हे सारे केवळ मोहल्ल्यापुरते नाही. आषाढीला इंद्रायणीकाठून निघणाऱ्या वारकऱ्यांतही मधुमेही असतात, आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी नि बटाटा खाऊन साखर चढते कशी, याचे नवल करणारी आजी प्रत्येक वाड्यात आहे. नवरात्राचे नऊ दिवस निर्जळी नसले तरी गोळ्यांचा हिशेब तिथेही चुकतो. त्यांचीही मान डॉक्टरांसमोर तशीच डोलते.

करून शिकण्याचे एक जुने ठिकाण लोणावळ्यातच आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू केले ते योगक्रिया प्रयोगशाळेत तपासण्यासाठी. आजही तिथे उपचाराला येणारा माणूस चिठ्ठी घेऊन परतत नाही. राहतो, त्या दिनक्रमात जगतो, श्वास आणि आहार शरीराने शिकतो. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये 'हे मला जमेल' या विश्वासाबद्दल लिहिले. तो विश्वास सर्वांत जास्त स्वतः करून पाहिल्याने येतो, त्याखालोखाल आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहून. उपदेशाचा नंबर त्यानंतर. म्हणून पंचविसाव्या रोज्याला "मी दोन रोजे डॉक्टरांच्या सांगण्यावरून सोडले, कजा करीन," असे जुम्याच्या नमाजनंतर चारचौघांत सांगणारा एक जुना चालक भित्तिपत्रकापेक्षा जास्त काम करतो.

आणि एक साधी रीत आहे, तिला खर्च शून्य. सांगून झाल्यावर 'समजलं ना?' असे विचारायचे नाही. रुग्णालाच उलट सांगायला लावायचे, आणि त्यातही परीक्षा त्याची नव्हे, आपली घेतोय असे म्हणायचे. कामशेतच्या एखाद्या ओसरीवर ते असे काहीसे होईल.

"खाला, मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर सूनबाईला काय सांगाल?"

"सांगेन की, सहेरीची गोळी आता अर्धी, डॉक्टरांनी लिहून दिलीय. इफ्तारची पूर्ण."

"आणि दुपारी हात थरथरले तर?"

"तर पडून राहायचं, मगरिबपर्यंत."

आशाताई वहीवरून मान वर करते, पेन खाली ठेवते, आणि खालाशेजारी पायरीवर बसते. "बरं, पुन्हा पहिल्यापासून. या वेळी मीच चुकले होते."